आरवाडे बाईंची नापसंती

पद्मजा आरवाडेला तिच्या आईनं आयुष्यात एकदाही ‘छान’ म्हटलं नव्हतं. यात आईचा मुलीवर काही राग होता असं नाही. मालती आरवाडे मिरजेच्या एका मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवायच्या, आणि गावातल्या दोन पिढ्यांच्या बायकांना त्यांनी ‘छान’ म्हटलं नव्हतं. मुलगी शिवलेला तुकडा घेऊन टेबलाशी आली की बाई तो खिडकीच्या उजेडात धरायच्या, शिवणीवरून अंगठा फिरवायच्या आणि परत द्यायच्या. "उसव," एवढंच म्हणायच्या. राग नाही, उपदेश नाही. डॉक्टर ‘जीभ दाखवा’ म्हणतात, तसं. आजही मिरजेत एखादी बाई बँकेत नंबराची वाट बघताना स्वतःच्या पदराची कड अंगठ्यानं तपासताना दिसली, तर ती आरवाडे बाईंची विद्यार्थिनी समजावी.

पद्मजा शिवणकामात नापास होऊन पुण्याला आली आणि अ‍ॅनिमेटर झाली. व्हिडिओ गेममधली माणसं चालतात, ती चाल बसवणं हे तिचं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर जातं त्या मधल्या क्षणी माणूस किंचित पडत असतो आणि स्वतःला सावरत असतो. हे पडणं-सावरणं ज्याला दाखवता येतं त्याचं पात्र जिवंत वाटतं. बाकीच्यांची पात्रं ढकललेल्या कपाटासारखी सरकतात. पद्मजाला ते दाखवता यायचं. तिनं चालवलेला एक म्हातारा पोस्टमन परदेशी खेळाडूंना इतका आवडला होता की लोक खजिना शोधायचा सोडून नुसते त्याच्या मागून हिंडायचे. गेम संपला की पडद्यावरून नावं सरकत जायची. त्यांत तिचं नाव ‘आणि पुण्यातील सहकारी’ असं होतं.

तिची स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट होती. एका लांबट खोलीतून एक वयस्क बाई चालत जाते, एवढंच. रविवारी जमेल तसं ती या बाईवर काम करायची. कधीतरी हिच्याभोवती एक छोटा गेम करायचा बेत होता. कुणावरून केलीस, असं कुणी विचारलं तर ती ‘कुणावरून नाही’ म्हणायची. एकदा तिनं ती फोनवर आईला दाखवली. बाईंनी फोन खिडकीपाशी नेला, उजेडात धरला आणि परत दिला. "उसव." पद्मजानं उसवली. पुढं कितीदा तरी उसवली. पुन्हा दाखवायची हिंमत झाली नाही, पण दाखवायची होती ती आईलाच.

ज्या स्टुडिओत ती काम करायची त्याचं नाव गजकर्ण. मालक हर्षवर्धन तावरे यांनी ते गणपतीचं नाव म्हणून ठेवलं. एका खाजेच्या रोगाचंही तेच नाव आहे, हे पाटी लागल्यावर कळलं. परदेशी ग्राहकांना त्यानं काही फरक पडत नव्हता. उत्तरेकडच्या एका थंड देशातून काम यायचं. आधी दगड आणि झाडं आली, मग बूट, मग बंदुका, मग चाली. तिथं एक माणूस ठेवायला जे पैसे लागतात त्यात बाणेरला एक मजला भरून माणसं बसतात, हा गजकर्णचा सगळा धंदा. पगार फारसा वाढायचा नाही, त्याऐवजी हुद्दा वाढायचा. पद्मजा सीनियर झाली, लीड झाली, शेवटी प्रिन्सिपल झाली. आईला कळवलं, तर आईनं विचारलं, "शाळा कुठली?"

चांगली माणसं गळत होती. कुणी बँकेच्या अ‍ॅपमधल्या बटणांचे कोपरे गोल करायला गेलं, कुणी सासऱ्यांच्या पेट्रोल पंपावर बसलं. सगळ्यांत चुटपूट लावून गेला तो इम्तियाज मुजावर. भिंतीवर नुसता कंदिलाचा उजेड पाडून त्या घरात आज भांडण झालंय की नाही हे सांगणारा माणूस. तो मिरजेला थोरल्या भावाच्या मंडप-डेकोरेशनच्या धंद्यात गेला. त्याच्या निरोपाला केक कापताना हर्षसर म्हणाले, "टॅलेंट हीच आपली संपत्ती." इम्तियाजनं केक खाल्ला आणि संपत्ती घेऊन गेला.

मग पट्टी आली.

पट्टीमागचं विज्ञान तसं साधं आहे. आपला मेंदू समोरचं बघण्याआधीच पुढं काय दिसणार याचा अंदाज बांधून बसलेला असतो. अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकलं, आणि पायरी नसली, तर पोटात जे होतं ते त्या अंदाजाचं चुकणं. अंदाज चुकला की कपाळामागची विजेची लहर डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच खाली जाते; आलेखावर तिथं खड्डा दिसतो. गंमत अशी, की खड्डा आधी पडतो आणि ‘काहीतरी चुकलंय’ हे माणसाला नंतर कळतं. काय चुकलंय ते त्याहून नंतर, आणि का, ते बरेचदा कधीच नाही. नवख्याचा खड्डा उथळ असतो. ज्याची नजर तयार आहे त्याचा विहिरीसारखा.

यंत्रं तोवर चाली, चेहरे, झाडं, सगळं ढिगांनी बनवायला लागली होती. अडचण एवढीच की त्यातलं टाकाऊ कुठलं हे त्यांना कळत नव्हतं. जगात जे काही होतं ते सगळं गिळून ती शिकली होती, आणि जगात काय काय असतं हे आपल्याला ठाऊक आहे. त्यांना ‘नाही’ म्हणणारं कुणीतरी हवं होतं. माणसांना विचारून पाहिलं, तर माणसं भिडस्त. ‘बरंय की’ म्हणून मोकळी व्हायची. कपाळावर ती लहर मोजणारी पट्टी बांधली की भीड उरत नाही. यंत्र एक चाल दाखवतं, कपाळात खड्डा पडतो, यंत्र ती टाकून दुसरी दाखवतं.

हर्षसरांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की आता हात दुखवायचे नाहीत. खुर्चीत बसायचं, बघायचं आणि नावडून घ्यायचं. पैसे खड्ड्यामागं मिळतील. खोल खड्ड्याला दर जास्त. ठेकेदारांखेरीज इतर कुणाला खड्ड्यांचे पैसे मिळण्याचा पुण्यातला तो पहिलाच प्रसंग.

ज्यांची नजर उथळ निघाली त्यांना नारळ मिळाला. पद्मजाचे खड्डे सगळ्यांत खोल होते. इतक्या वर्षांच्या हाताच्या कामानं जेवढा पगार वाढला नव्हता तेवढा नुसतं नाक मुरडून वाढला. चुकीचा गुडघा, उशिरा टेकलेली टाच, वजनच नसलेला खांदा. दिवसभर पडद्यावरून वाईट चाली जायच्या आणि ती संध्याकाळी घरी येऊन सोफ्यावर पडायची. हात जड नसायचे. थकवा डोळ्यांच्या मागं कुठंतरी असायचा, चोळून न जाणारा.

काहीतरी बिघडलंय हे आधी लक्षात आलं तिच्या नवऱ्याच्या. श्रेणिक कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचा, त्यामुळे त्याला प्रयोग केल्याशिवाय राहवत नसे. एका सकाळी त्यानं उपीट केलं आणि कसं झालंय म्हणून विचारलं. पद्मजा छान म्हणाली.

"मीठ घातलेलंच नाही."

तिनं आणखी एक चमचा खाऊन बघितला. "हो, नाहीये. चालतंय की."

"पद्मा, आपल्या लग्नात माझ्या मामानं बांधलेल्या फेट्यालासुद्धा तू नावं ठेवली होतीस. मामाच्या तोंडावर. आता कितीतरी दिवस घरात तू कशालाच काही म्हणालेली नाहीस. आधी मला वाटलं, जमला बुवा संसार." त्यानं तिच्यापुढची बशी ओढून घेतली. "आता भीती वाटतेय."

भीती खरी होती. दिवसभर वाईट चाली बघणाऱ्या मेंदूला हळूहळू वाईट चालीचाच अंदाज यायला लागतो. मग अंदाज चुकत नाही आणि खड्डा पडत नाही. अगरबत्तीच्या कारखान्यातल्या माणसाला जसा अगरबत्तीचा वास येईनासा होतो, तसं. पद्मजानं त्या रविवारी आपली बाई उघडली. जुन्या-नव्या सगळ्या चाली ओळीनं लावल्या. कुठली खरी आणि कुठली खोटी, ते तिला सांगता येईना. सगळ्याच बऱ्या वाटत होत्या. ती किती तरी वेळ तशीच बसून राहिली, घरातल्या माणसाचा आवाज ओळखू येऊ नये तशी.

स्टुडिओत अशांना ‘बुजलेले’ म्हणायचे. बुजलेल्यांचा दर उतरायचा. हर्षसर वाईट माणूस नव्हते. दर उतरवताना ते स्वतः चहा घेऊन यायचे. थंड देशातली कंपनी ताज्या नजरा मागत होती आणि पुण्यातल्या नजरा संपत आल्या होत्या.

नेमक्या त्याच दिवसांत मालतीबाई मोतीबिंदूच्या तपासणीसाठी पुण्याला आल्या आणि घराची किल्ली न्यायला स्टुडिओत आल्या. हर्षसरांनी अगत्यानं बसवलं, कौतुकानं सगळं दाखवलं, आणि गंमत म्हणून त्यांच्या कपाळाला पट्टी बांधली. पडद्यावर बर्फाळ मुलुखातल्या युद्धाचा गेम होता. एका सैनिकानं लाथ मारून घराचं दार उघडलं, उंबऱ्यात पडलेल्या माणसाला ओलांडलं आणि चिखलाच्या बुटांनिशी तो सरळ स्वयंपाकघरात गेला.

आलेखावरची रेघ खाली गेली ती चौकटीबाहेरच गेली. तंत्रज्ञाला वाटलं, वायर निघाली.

"काय चुकलं, आई?" हर्षसरांनी विचारलं.

"सगळंच," मालतीबाई म्हणाल्या. "कुणाचा मुलगा आहे हा?"

स्टुडिओ पोट धरून हसला. हर्षसर हसले नाहीत. मिरजेत असे निवृत्त लोक किती असतील आणि त्यांचा दर पुण्याच्या मानानं किती कमी पडेल, याचा ते विचार करत होते. थंड देशानं पुण्याला दिलेलं काम पुण्यानं मिरजेला द्यायचं, यात त्यांना काही वावगं दिसलं नाही. त्यांच्याच कपाळाला पट्टी लावून बघायला हवं होतं. पद्मजानंही हसत हसत आईच्या जुन्या सहकाऱ्यांची नावं सांगितली. आईला चुका काढण्याखेरीज दुसरा छंद नाही, तर त्याचे पैसे मिळायला काय हरकत आहे, असं तिला खरंच वाटलं. शिवणकामाच्या बाईंना शाळेनं जन्मभर अर्धवेळ ठेवलं होतं आणि पेन्शनही त्याच मापानं बेतलेली होती.

"तुझ्या चुका मी फुकट काढल्या," आई फोनवर म्हणाली. "आता कुठं किंमत कळतेय लोकांना."

मिरजेचं केंद्र एका मंगल कार्यालयात निघालं. लग्नाच्या खुर्च्यांवर कपाळाला पट्ट्या बांधून निवृत्त शिक्षक, पोस्टमास्तर, नर्सबाई, तंतुवाद्यांच्या गल्लीतले म्हातारे कारागीर असे ओळीनं बसायचे. मुंडावळ्या बांधलेल्यांचं सामुदायिक लग्नच लागतंय असं लांबून वाटायचं. पडणारे खड्डे अफाट होते. चहाच्या वेळी पडणारे वेगळे काढायला एक माणूस नेमावा लागला.

यंत्राला खड्डा कशामुळं पडला ते कळत नाही, पडला एवढंच कळतं. गुडघा चुकला म्हणून पडलेला खड्डा आणि जनाची लाज सोडली म्हणून पडलेला खड्डा त्याला सारखाच. ते बिचारं जे नावडेल ते टाकत गेलं. त्यामुळं बर्फाळ मुलुखातल्या त्या गेममध्ये हळूहळू बदल दिसायला लागले. सैनिक दार फोडायचे आणि उंबऱ्याबाहेर बूट काढून आत जायचे. पुढची चकमक मोज्यांवर व्हायची. पडलेल्या माणसाला कुणी ओलांडेनासं झालं. हल्ला चालू असताना अख्खी तुकडी प्रेताला वळसा घालून जायची. एक धिप्पाड सेनापती शत्रूला लाथ घालायचा आणि पाय लागला म्हणून लगेच वाकून त्याला नमस्कार करायचा.

थंड देशातली कंपनी आधी हादरली. तोवर गेम बाजारात गेला होता. खेळाडू रडले. ‘युद्धाच्या अमानुषतेला दिलेलं सर्वांत कोमल उत्तर’ असं कुणीतरी लिहिलं, आणि त्या नमस्काराला वर्षातल्या उत्कृष्ट कल्पनेचं पारितोषिक मिळालं. ते घ्यायला त्या कंपनीचा एक तरुण दिग्दर्शक व्यासपीठावर गेला आणि ही कल्पना आपल्याला एका सरोवराकाठी सुचली असं त्यानं सांगितलं.

पारितोषिकाच्या पाठोपाठ मिरजेला काम तिप्पट आलं. हर्षसरांनी पद्मजाला केबिनमध्ये बोलावलं. तिचे खड्डे बुजले असले तरी तिनं वाईट वाटून घेऊ नये, मिरज केंद्राची प्रमुख व्हावं, असं त्यांनी सुचवलं. पगाराचा आकडा त्यांनी कागदावर लिहून उलटा ठेवला. पद्मजानं तो सुलटा केला. हुद्द्याऐवजी पगार वाढण्याचा तिच्या आयुष्यातला हा दुसराच प्रसंग होता आणि पहिल्याहून कितीतरी मोठा होता. विचार करून सांगते, असं म्हणून ती मिरजेला गेली.

कार्यालयाच्या दारात इम्तियाज शिडीवर चढून दिवे बदलत होता. हॉल भाडेपट्ट्यानं त्याच्या भावाकडंच होता. तो खाली उतरला, तिच्याकडं बघितलं आणि म्हणाला, "बुजलीस होय गं तू पण?"

"कशावरून?"

"मघाचा दिवा मी मुद्दाम वाकडा लावलाय. पहिल्यासारखी असतीस तर दारातनंच वरडली असतीस."

त्यानं चहा मागवला आणि आवाज खाली घेतला. आत बसणारी म्हातारी माणसं अलीकडं फार गोड झाली होती. सुना खूश, नातवंडं खूश. सोसायटीच्या बैठका चहा यायच्या आत संपायला लागल्या. गाण्याच्या बैठकीत पुढं बसून बेसूर गवयाला घाम फोडणारे दोघं आता प्रत्येकाला मान डोलावत होते. "तेवढ्याचं काय नाही," इम्तियाज म्हणाला. "पण आमच्या शेजारचे अब्दुलचाचा. जन्मभर तंबोऱ्याची जवारी लावली. तार घोडीवर टेकते तिथं केसाएवढं घासायचं असतंय, ते कानानं ठरतंय. परवा त्यांनी एक तंबोरा दिला. गिऱ्हाईक परत घेऊन आलं. चाचांनी छेडला आणि म्हणाले, चांगलाय की. पुन्हा छेडला, पुन्हा म्हणाले, चांगलाय की. त्यांचा पोरगा बाहेर येऊन रडला, बघ."

पद्मजा चहा तसाच ठेवून आईच्या घरी गेली.

आई शिवणाच्या मशिनीशेजारी तिच्या खुर्चीत बसली होती. पद्मजानं काही बोलायच्या आत लॅपटॉप उघडला आणि आपली बाई समोर ठेवली. कुठली चाल निवडावी हे तिला कळत नव्हतंच. वर होती ती लावली. लांबट खोलीतून बाई चालत गेली. मालतीबाईंनी शांतपणे पाहिलं.

"छान आहे," त्या म्हणाल्या.

हा शब्द ऐकायला पद्मजा एवढं आयुष्य थांबली होती. पहिल्यांदा, अगदी क्षणभर, ती खुलली. मग तिनं आईकडं पाहिलं. आईचा अंगठा मांडीवर नुसता पडलेला होता. आई तिच्याकडं बघून हसत होती, स्टेशनवर अनोळखी माणसाच्या बाळाकडं बघून हसतात तसं.

पद्मजानं मागच्या वर्षी टाकलेली, गुडघा मोडका असलेली चाल लावली.

"हीपण छान आहे."

ती भांडणाच्या तयारीनं आलीच होती. आई, तू केंद्रात जायचं बंद कर, हे म्हटल्यावर आई काय काय म्हणेल याची उत्तरं तिनं वाटेत जुळवून ठेवली होती. पेन्शन किती आहे ते काढेल, तुझ्या बापानं काय ठेवलं ते काढेल, पहिल्यांदा कुणी माझ्या कामाचं मोल केलं तर तुला बघवत नाही म्हणेल. पद्मजानं वाक्य उच्चारलं.

"बरं," मालतीबाई म्हणाल्या. "नको म्हणतेस तर नाही जात."

त्या घरात कुठलीही गोष्ट इतक्या लवकर ठरलेली पद्मजाला आठवत नव्हती. ती उठून मोरीत गेली आणि नळ सोडून बराच वेळ तोंड धूत राहिली.

हर्षसरांना तिनं फोनवर नकार कळवला आणि नोकरीही सोडली. ते मनापासून हळहळले. टॅलेंट हीच आपली संपत्ती, म्हणाले. केंद्रावर दुसरा प्रमुख आला, मिरज बुजत आली तशी पट्ट्यांची खोकी भरून आणखी लहान गावाकडं गेली, आणि त्या गावातल्या लोकांनी त्यांचं वाजतगाजत स्वागत केलं असं म्हणतात.

पद्मजा आईपाशी राहिली. श्रेणिक सुट्टीला यायचा आणि मुद्दाम खारट काहीतरी करून दोघींना वाढायचा. बुजलेली नजर पुन्हा उघडते का, याचं उत्तर कुणी देत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, मेंदू शिकतो तसा विसरतोही, खरंखुरं बघायला द्या आणि वाट बघा. मग ती दुपारी एसटी स्टँडच्या बाकावर बसून माणसं चालताना बघायची. लंगडणारी, घाई असलेली, पिशव्यांनी एका बाजूला कललेली. सकाळी मंडपाच्या गोदामात इम्तियाजबरोबर त्या छोट्या गेमचं काम करायची. दोघांना मिळून पगार काहीच नव्हता. गेममधल्या खोलीत इम्तियाजनं खिडकीतून असा उजेड आणला होता की बाईनं नुकतंच कुणालातरी निरोप दिलाय असं वाटायचं. आणि तो संध्याकाळी उठून कुणाच्या तरी साखरपुड्याला लाल-हिरवे दिवे लावायला जायचा.

आईवर तिनं जमतील ते प्रयोग केले. भाकरी करपवली, आईनं खाल्ली. ब्लाउजच्या हेमला मुद्दाम मोठे वेडेवाकडे टाके घातले आणि खिडकीच्या उजेडात आईच्या हातात दिला. आईनं कौतुकानं घडी घालून ठेवला. एकदा ती चपला घालून स्वयंपाकघरात गेली. आई म्हणाली, "फरशी गार लागते, नाही का?" त्या दिवशी पद्मजाला वाटलं की आपण उशीर केला. तिच्या स्वतःच्या कपाळातही फारसं काही होत नव्हतं. ती चाली दुरुस्त करायची ती आठवणीनं, वाचता न येणाऱ्यानं पाठ असलेली आरती म्हणावी तशी.

एका दुपारी तिनं सहज लॅपटॉप टेबलावर आईसमोर ठेवला. दाखवायचं म्हणूनही नाही. चहा आणायला जाताना बाजूला ठेवला, तो चालू राहिला. ती दोन कप घेऊन आली तेव्हा पडद्यावरची बाई खोलीच्या या टोकापासून त्या टोकाला चालली होती, आणि आईचा अंगठा पदराच्या कडेवरून हळूहळू फिरत होता.

पद्मजा दारातच थांबली.

"ही कोण?" मालतीबाईंनी विचारलं.

"कुणी नाही. एक बाई आहे."

"डावा पाय ओढतेय."

"हो."

पडद्यावरची बाई पोचली आणि पुन्हा पहिल्यापासून निघाली.

"ही मी आहे का?"

पद्मजाला खरं उत्तर ठाऊक नव्हतं, किंवा ते त्याच क्षणी ठाऊक झालं. तिनं हातातले कप टेबलावर ठेवले.

"मी अशी चालत नाही," मालतीबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. पण वर्गातली शेवटची रांग गप्प व्हायची तो आवाज होता. "अशी मी कधीही चाललेली नाही. पाय ओढायला मला काय धाड भरलीय? म्हातारीबितारी समजलीस का? थांब. दाखवते. नीट बघ."

त्या उठल्या आणि खिडकीपासून दारापर्यंत ताठ मानेनं चालून गेल्या. डावा पाय किंचित, अगदी किंचित ओढत. पडद्यावर होता तसाच, तेवढाच. दारापाशी त्या वळल्या आणि परत निघाल्या. वाटेत शिवणाच्या मशिनीपाशी आल्या तेव्हा, मशिनीकडं न बघता, दोन बोटं तिच्या कोपऱ्याला लावली आणि पुढं गेल्या. आधार म्हणावा इतकं ते नव्हतं. नुसती बोटं टेकली, वजन क्षणभर तिकडं गेलं आणि परत आलं.

पद्मजाच्या कपाळामागं काहीतरी झपकन खाली गेलं.

मोजायला तिथं पट्टी नव्हती. पण न दिसलेल्या पायरीवर पाऊल पडावं तसं पोटात झालं, आणि मग कळलं की चुकलंय. आणि मग, सावकाश, काय चुकलंय ते. तिच्या बाईला ती इतकी वर्षं मोकळ्या खोलीतून चालवत होती. खोलीत टेकायला काही ठेवलंच नव्हतं.

"बघितलंस?" मालतीबाई खुर्चीत बसत म्हणाल्या. त्यांना थोडा दम लागला होता.

"बघितलं."

"मग?"

त्यांनी कप उचलला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं करून परत ठेवला. "आणि हा चहा गार झालाय."

पद्मजानं लॅपटॉप आपल्याकडं ओढला.

"उसवते," ती म्हणाली.